गळती-चाचणीचा प्रोग्रॅम मागे पडतो किंवा अडकतो, रिस्टार्ट केला की बरा होतो: ड्रायव्हर आणि यूजर प्रोग्रॅमचा मेळ कुठे तुटतो

शिरोली एमआयडीसीतल्या मशीन शॉपमधला कास्टिंगच्या गळती-चाचणीचा बेंच डोळ्यांसमोर ठेवू. व्हॉल्व्ह बॉडीत हवा भरायची, सोलेनॉइड बंद करायचा आणि दाब किती उतरतो ते मोजायचं. प्रेशर सेन्सर एसपीआय बसवरच्या (चिप जोडायची सिरियल बस) एडीसीला (सिग्नलचा आकडा करणारी चिप) जोडलेला आहे आणि एडीसी सेकंदाला १००० सॅम्पल देतो. प्रत्येक सॅम्पल तयार झालं की डेटा-रेडी लाइन खाली येते आणि प्रोसेसरला इंटरप्ट (हातचं काम सोडायला लावणारा संकेत) जातो. चार कोअरच्या एआरएम बोर्डावर प्रीएम्प्ट-आरटी लिनक्स (ठरल्या वेळेत काम करणारं रिअल-टाइम लिनक्स), त्यावर स्वतः लिहिलेला ड्रायव्हर, आणि यूजर-स्पेसमध्ये सी भाषेतला कंट्रोल प्रोग्रॅम. ड्रायव्हर १६ बाइटचं सॅम्पल (टाइमस्टॅम्प ८, अनुक्रमांक ४, दाब ४) २५६ सॅम्पल खोलीच्या केफिफोत (कर्नलमधला रांगेचा बफर) टाकतो, आणि प्रोग्रॅम ईपोलवर (डेटा आला की जागं करणारी सोय) थांबून ते वाचतो.

तक्रार साधारण अशी येते: सकाळी झकास चालतं, दुपारनंतर चांगली कास्टिंगं रिजेक्टच्या ट्रॉलीत पडायला लागतात. प्रोग्रॅम बंद-चालू केला की पुन्हा ठीक. मग ऑपरेटर चहाच्या सुट्टीत रिस्टार्ट मारायची सवय लावून घेतो आणि दुखणं तसंच राहतं. पुढे एडीसी बदलला जातो, बोर्ड बदललं जातं, कर्नलही बदलतो. दुखणं म्हशीला न् इंजेक्शन पखालीला, असला प्रकार. दोष बहुतेक वेळा ड्रायव्हर आणि प्रोग्रॅम यांच्या मधल्या करारात असतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, पण एकमेकांबद्दल चुकीचं गृहीत धरून बसलेले असतात.

आधी कुठे तुटलंय ते बघा

काहीही दुरुस्त करण्याआधी तीन आकडे शेजारी-शेजारी ठेवा: प्रॉक-इंटरप्ट्समधला (इंटरप्ट मोजणारी कर्नलची फाइल) तुमच्या लाइनचा काउंट, ड्रायव्हरने शेवटी केफिफोत टाकलेला अनुक्रमांक (तो डीबगएफएस या कर्नलच्या डीबग फाइल-सिस्टममधून दाखवा, चार ओळींचं काम आहे), आणि प्रोग्रॅमने शेवटी वाचलेला अनुक्रमांक. दर सेकंदाला तिन्ही सुमारे १००० ने वाढले पाहिजेत.

इंटरप्टचा काउंटच थांबला असेल तर दोष लाइनीत किंवा हँडलरमध्ये आहे, प्रोग्रॅमकडे बघायची गरज नाही. काउंट वाढतोय पण प्रोग्रॅम हलत नसेल, तर जागं करण्यात गोंधळ आहे. प्रॉकमध्ये त्या थ्रेडच्या डब्ल्यूचॅनमध्ये (थ्रेड कर्नलमध्ये कुठे थांबलाय ते सांगणारी फाइल) तो ईपोलमध्येच झोपलेला दिसेल. तिन्ही वाढतात पण प्रोग्रॅमचा आकडा मागे राहतो, तर तो किती मागे आहे आणि ते अंतर कधी कमी होतं का, हे लिहून ठेवा. काउंट १००० पेक्षा जास्त वेगाने वाढत असेल तर शेजारी इंडक्शन भट्टी किंवा मोठा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) आहे का बघा. शिल्डेड केबल, शिल्ड एकाच टोकाला अर्थ, लाइनवर नीट पुल-अप. हा इलेक्ट्रिकल नॉइज सॉफ्टवेअरने झाकू नका.

काउंट थांबतो: एज की लेव्हल

अनेक एडीसींची डेटा-रेडी लाइन सॅम्पल वाचेपर्यंत खालीच राहते. ड्रायव्हरने इंटरप्ट फॉलिंग एजवर (लाइन खाली येण्याच्या क्षणी) मागितला असेल आणि एक एज हुकली, तर कोणी वाचत नाही, लाइन वर जात नाही, आणि लाइन वर गेल्याशिवाय पुढची एज येणं शक्य नाही. बेंच कायमचा गप्प. मॉड्यूल काढून घातला की चालू, कारण इनिशियलायझेशनमध्ये एक वाचन होतं.

उपाय: लेव्हल-लो ट्रिगर (लाइन खाली आहे तोवर इंटरप्ट) आणि त्यासोबत आयआरक्यूएफ-वनशॉट हा फ्लॅग. वनशॉटमुळे हँडलरचा थ्रेड संपेपर्यंत लाइन मास्क (बंद) राहते. तो फ्लॅग विसरलात तर लेव्हल इंटरप्ट पुन्हापुन्हा येऊन कोअर गिळून टाकतो. जीपीआयओ (बोर्डाच्या पिनांच्या) कंट्रोलरला लेव्हल जमत नसेल तर थ्रेडमध्ये वाचन झाल्यावर पिनची स्थिती तपासा, आणि अजून खाली असेल तर परत न जाता पुन्हा वाचा.

वनशॉटचा आणखी एक परिणाम आहे आणि तो फार जणांच्या लक्षात येत नाही. टाइमस्टॅम्प प्राथमिक हँडलरमध्ये (इंटरप्ट येताच चालणारा छोटा भाग) घ्यायचा आणि एसपीआयचं वाचन थ्रेडमध्ये करायचं, ही पद्धत बरोबर आहे. पण प्रीएम्प्ट-आरटी कर्नल जवळपास सगळे हँडलर सक्तीने थ्रेडमध्ये ढकलतो, आणि प्राथमिक हँडलरही त्यातून सुटत नाही. वनशॉट दिला असेल तर तो खऱ्या इंटरप्ट संदर्भात राहतो. न दिल्यास टाइमस्टॅम्प थ्रेडला कोअर मिळाल्यावर घेतला जातो, म्हणजे जो उशीर मोजायचा तोच टाइमस्टॅम्पमधून गायब होतो आणि आलेख सुरेख दिसतो. डेटा-रेडी लाइन आय-टू-सी बसवरच्या जीपीआयओ एक्स्पांडरला (जादा पिन देणारी चिप) जोडली असेल तर प्राथमिक हँडलर चालतच नाही. ती वायर थेट बोर्डाच्या पिनवर आणा.

त्या प्राथमिक हँडलरमध्ये साधा स्पिनलॉक (सामायिक डेटाचं कुलूप) घ्यायचा नाही. आरटी कर्नलमध्ये साधा स्पिनलॉक म्हणजे आतून झोपणारा आरटी-म्युटेक्स. खऱ्या इंटरप्टमध्ये चालतो तो फक्त रॉ-स्पिनलॉक. इथे तोही लागत नाही: वनशॉटमुळे थ्रेड चालू असताना प्राथमिक हँडलर पुन्हा येत नाही, त्यामुळे टाइमस्टॅम्पवर दोघांची झटापट होत नाही.

काउंट वाढतो, प्रोग्रॅम मागे पडतो किंवा झोपून राहतो

इथे थोडं थांबून बघायला हवं, कारण ‘रिस्टार्ट केला की बरं’ या तक्रारीचं मूळ बहुधा इथेच असतं.

प्रोग्रॅमने ईपोल एज-ट्रिगर पद्धतीने लावलाय आणि प्रत्येक जागेपणी एकच सॅम्पल वाचतोय असं समजा. एरवी एक सॅम्पल, एक वेक-अप, एक वाचन, हिशेब जुळतो. आता एकदाच काहीतरी झालं आणि प्रोग्रॅमला १२ मिलिसेकंद उशीर झाला. तेवढ्यात १२ सॅम्पल आली. प्रोग्रॅम जागा झाला, एक वाचलं, ११ आत राहिली, आणि तो पुन्हा झोपला. एज-ट्रिगरला उरलेल्या मालाशी देणंघेणं नाही, नवीन वेक-अप आला तरच तो उठवतो. पुढे दर मिलिसेकंदाला एक येतं, एक वाचलं जातं, आणि ती ११ सॅम्पलची थकबाकी तशीच पुढे चालू राहते. पुढचा धक्का बसला की तिच्यात भर पडते. ती कमी कधीच होत नाही. शेवटी २५६ ला बफर भरतो आणि उशीर २५६ मिलिसेकंदांच्या आसपास येऊन थांबतो. त्यानंतरच्या प्रत्येक धक्क्याला नवी सॅम्पल टाकून दिली जातात.

म्हणजे सोलेनॉइडचा निर्णय पाव सेकंद जुन्या दाबावर होतोय. दुपारनंतर रिजेक्ट का वाढतात, हे यावरून कळतं. उशीर पायऱ्या-पायऱ्यांनी वाढत असेल, कधीच उतरत नसेल आणि बफरच्या खोलीवरच येऊन टेकत असेल, तर दुसरीकडे शोधू नका.

याचाच थोरला भाऊ म्हणजे कायमचं झोपणं. ड्रायव्हर लिहिणारा विचार करतो, बफर रिकामा नसताना पुन्हा उठवून काय उपयोग? म्हणून तो फक्त रिकाम्याचा भरलेला होताना वेक-अप देतो. ड्रायव्हरच्या बाजूने काटकसर चांगलीच आहे. पण समोर एज-ट्रिगर आणि एकच वाचन असेल, तर पहिल्या धक्क्यानंतर बफर पुन्हा कधी रिकामा होत नाही, म्हणून वेक-अप येत नाही, आणि वेक-अप येत नाही म्हणून कोणी वाचत नाही. इंटरप्टचा काउंट मात्र इमानेइतबारे हजाराने वाढत असतो.

उपाय दोन्ही बाजूंनी करा. प्रोग्रॅममध्ये फाइल नॉन-ब्लॉकिंग उघडा आणि प्रत्येक जागेपणी ई-अगेन (आता डेटा नाही, असं उत्तर) मिळेपर्यंत वाचत राहा; एका रीडमध्ये १६ सॅम्पलची, म्हणजे २५६ बाइटची जागा द्या. एक फाइल आणि एक थ्रेड असेल तर एज-ट्रिगरची गरजच नाही, लेव्हल-ट्रिगर (बफरमध्ये माल आहे तोवर उठवणारा) ठेवा. ड्रायव्हरमध्ये प्रत्येक सॅम्पलला वेक-अप द्या. सेकंदाला हजार वेक-अप हे ओझं नाही.

पोल फंक्शनमध्ये पोल-वेट आधी आणि बफरची तपासणी नंतर, हा क्रम पाळा. पोल-वेट नावाप्रमाणे थांबत नाही, तो फक्त वेट-क्यूत नाव लावतो. उलटा क्रम असेल तर तपासणी आणि नाव लावणं यांच्या मधल्या फटीत आलेला वेक-अप हरवतो. सतत येणाऱ्या सॅम्पलना ते खपून जातं, पुढचं एका मिलिसेकंदात येतंच. पण त्याच ड्रायव्हरमधून ‘क्लॅम्प बंद झाला’ असा एकदाच येणारा संकेत जात असेल तर प्रोग्रॅम तिथेच बसून राहील. ड्रायव्हरच्या रीडमध्ये स्वतः फ्लॅग तपासून झोपवण्याचा खटाटोपही याच कारणाने नको. वेट-इव्हेंट-इंटरप्टिबल हा मॅक्रो क्रम बरोबर सांभाळतो. त्याचं परतीचं मूल्य तेवढं तपासा.

स्वतःचा ड्रायव्हर न लिहिता यूआयओ (यूजर-स्पेसमधून हार्डवेअर हाताळायची लिनक्सची सोय) वापरत असाल तर: रीडमधून मिळणारे ४ बाइट हा इंटरप्टचा एकूण काउंट असतो. आधीच्यापेक्षा तो एकापेक्षा जास्त पुढे गेला तर मधले इंटरप्ट हुकले. जेनेरिक यूआयओ ड्रायव्हर इंटरप्ट आल्यावर लाइन बंद करतो. त्याच फाइलवर १ लिहून ती पुन्हा उघडायची असते. ते विसरलं की पहिल्या इंटरप्टनंतर सगळं थंड.

बफरची खोलीही जरा तपासा. कंट्रोलला जुना दाब नको असतो, ताजा हवा असतो. २५६ ऐवजी ३२ ठेवलं तर दोष लपत नाही. भरल्यावर सर्वांत जुनं टाकून नवं घ्यायचं ठरवलंत तर एक सावधगिरी: केफिफो बिनलॉक चालतो तो एक टाकणारा आणि एक काढणारा असेपर्यंतच. ड्रायव्हरच जुनं काढायला लागला की काढणारे दोन झाले. तिथे स्पिनलॉक लावा.

थकबाकी नाही, पण मधूनच उशीर: प्रायॉरिटीची साखळी

वरचं दुरुस्त केलं की थकबाकी साचत नाही. तरी तो १२ मिलिसेकंदांचा धक्का आला कुठून, हा प्रश्न उरतोच. आरटी कर्नलमध्ये इंटरप्टचे थ्रेड फिफो ५० या प्रायॉरिटीवर जन्माला येतात (फिफो हा आरटी कामांचा वर्ग; आकडा मोठा तसा थ्रेड वरचा). कोणीतरी वाचून आपल्या थ्रेडची वाढवतो, आणि पीएसमध्ये असं चित्र दिसतं:

फिफो ८५ — आयआरक्यू/५७-लीक
फिफो ७० — गळती-कंट्रोल
फिफो ५० — आयआरक्यू/४१-एसपीआय

एडीसीचा थ्रेड वर, कंट्रोल त्याखाली. वरवर बघता ठीक. ट्रेस-सीएमडीने (कर्नलच्या घटना नोंदवणारं साधन) शेड-स्विच, शेड-वेकिंग आणि आयआरक्यू-हँडलर-एंट्री या घटना पकडल्या की खरी गोष्ट दिसते. नमुन्यादाखल एक चक्र, आकडे मायक्रोसेकंदांत, सगळं एकाच कोअरवर:

० — डेटा-रेडी खाली, प्राथमिक हँडलर
९ — ५७-लीक जागा, एसपीआय ट्रान्सफर सुरू करतो
१४ — ५७-लीक ट्रान्सफर पूर्ण होण्याची वाट बघत झोपतो. गळती-कंट्रोल आपलं गणित पुढे चालू करतो
३१ — एसपीआयचा इंटरप्ट आला, ४१-एसपीआय तयार, पण कोअर ७० वाल्याकडे
६४२ — गळती-कंट्रोलचं गणित संपलं
६४५ — ४१-एसपीआय चालतो, ट्रान्सफर पूर्ण झाल्याचं कळवतो
६५१ — ५७-लीक सॅम्पल बफरमध्ये टाकतो

८५ चा थ्रेड ५० च्या थ्रेडवर अवलंबून आहे आणि मधे ७० चा बसलाय. हाच प्रायॉरिटी इन्व्हर्जन, ज्याने १९९७ मध्ये मंगळावरच्या पाथफाइंडरचा संगणक वारंवार रीसेट होत होता. तिथे म्युटेक्सला (लॉकला) प्रायॉरिटी इन्हेरिटन्स, म्हणजे लॉक धरणाऱ्याला वाट बघणाऱ्याची प्रायॉरिटी उसनी देणं, चालू करून भागलं. इथे तो उपाय लागू पडत नाही, कारण ५७-लीक लॉकवर नव्हे, कम्प्लीशनवर (काम झाल्याच्या संकेतावर) थांबलाय. कम्प्लीशन, वेट-क्यू आणि सेमाफोर यांना मालक नसतो. प्रायॉरिटी उसनी द्यायची कोणाला, हे कर्नलला कळायला मार्ग नाही. ते तुम्हीच ठरवायचं.

म्हणून वायरपासून प्रोग्रॅमपर्यंतची प्रत्येक कडी कागदावर लिहा आणि ती ज्याची वाट बघते तो तिच्यापेक्षा खालच्या पायरीवर नाही ना ते बघा. एसपीआय ८६, लीक ८५, कंट्रोल ७०, लॉगिंग साध्या वर्गात. कंट्रोलर डीएमए (प्रोसेसरशिवाय डेटा हलवणारी सोय) वापरत असेल तर डीएमएचा इंटरप्ट थ्रेडही ८६ वर. ९९ कोणालाच देऊ नका.

एसपीआय बसवर आणखी एखादं उपकरण असेल तर काम एसपीआयची रांग उपसणाऱ्या पंप थ्रेडकडे जाऊ शकतं, आणि तो सहसा आरटी वर्गात नसतो. त्यातून ते उपकरण डिस्प्ले असेल तर विषयच संपला: ३२० गुणिले २४० पिक्सेल, प्रत्येकी २ बाइट, म्हणजे १,५३,६०० बाइट, १० मेगाहर्ट्झला ते एका दमात पाठवायला सुमारे १२३ मिलिसेकंद लागतात. बस कोणाकडे आहे हा प्रश्न प्रायॉरिटीने सुटत नाही. डिस्प्ले दुसऱ्या बसवर न्या.

कोअरही वेगळे करा. बऱ्याच एआरएम बोर्डांवर सगळे इंटरप्ट शून्य क्रमांकाच्या कोअरवरच येतात. दोन्ही इंटरप्ट कोअर २ वर, कंट्रोल कोअर ३ वर, आयसोलसीपीयूजमध्ये (कोअर राखून ठेवणारं बूट सेटिंग) २ आणि ३, आणि आयआरक्यू-बॅलन्स (इंटरप्ट कोअरांत वाटणारी सेवा) बंद.

आता ‘मागच्या आठवड्यात दुरुस्त केलेलं पुन्हा कसं बिघडलं’ याचं उत्तर. सीएचआरटी कमांडने दिलेली प्रायॉरिटी त्या थ्रेडपुरती असते. बोर्ड रीबूट झालं, लाइट जाऊन आली, मॉड्यूल पुन्हा लोड केला, की थ्रेड नवा आणि प्रायॉरिटी पुन्हा ५०. शिवाय इंटरप्ट क्रमांकही बदलू शकतो, त्यामुळे ५७ आणि ४१ स्क्रिप्टमध्ये पक्के लिहू नका, नावाने शोधा. ड्रायव्हर इंटरप्टची मागणी प्रोबऐवजी (ड्रायव्हर लागताना) ओपनमध्ये (फाइल उघडताना) करत असेल तर प्रोग्रॅमच्या प्रत्येक रिस्टार्टला थ्रेड नव्याने तयार होतो. मागणी प्रोबमध्ये हलवा, आणि सिस्टमडी युनिटमध्ये (सेवा सुरू करणारी फाइल) कंट्रोल सुरू होण्याआधी प्रायॉरिटी लावणारी पायरी ठेवा.

बाकीचे नेहमीचे गुन्हेगार

दर सेकंदाला ठरावीक ५० मिलिसेकंदांची दरी दिसते: आरटी थ्रॉटलिंग. जुन्या कर्नलमध्ये (६.१२ च्या आधी) मूळ सेटिंग दर १० लाख मायक्रोसेकंदांत आरटी कामांना ९,५०,००० इतकंच देते. तिथे डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग) थ्रॉटलिंग चालू झाल्याची ओळ मिळेल. मर्यादा उणे एक करून ती उडवू नका. कुठलातरी आरटी थ्रेड रिकामा फिरतोय, तो शोधून झोपायला लावा.

मशीन रिकामं असताना उशीर जास्त आणि लोड आला की कमी: कोअर खोल झोपेत जातोय. सीपीयू-डीएमए-लेटन्सी फाइलमध्ये ० लिहायचं आणि फाइल उघडीच ठेवायची. शेलमधून एको केलं तर फाइल लगेच बंद होते आणि मागणी रद्द होते. हे काम प्रोग्रॅममधूनच करा.

पहिल्या काही चक्रांत किंवा नवीन मेनू उघडल्यावर धक्का: पेज फॉल्ट (मेमरीचं पान ऐनवेळी आणावं लागणं). सुरुवातीलाच एमलॉक-ऑल (मेमरी रॅममध्ये पक्की धरणारा कॉल), आताची आणि पुढची अशी दोन्ही मेमरी. पण थ्रेडचा स्टॅक न सांगता ठेवला तर प्रत्येकी सहसा ८ एमबी लॉक होतात. पाच थ्रेड म्हणजे ४० एमबी. स्टॅक २५६ केबी वगैरे ठरवून द्या.

कंट्रोल आणि लॉगिंग यांच्यात पीथ्रेड म्युटेक्स आहे: त्याला प्रायॉरिटी इन्हेरिटन्स आपोआप मिळत नाही, ॲट्रिब्यूटमध्ये मागावा लागतो. आणि तो म्युटेक्स धरून एसडी कार्डावर लिहायचं नाही.

ड्रायव्हरमधल्या डीबग ओळी काढा. ११५२०० बॉडच्या सिरियल कन्सोलवर ८० अक्षरांची एक ओळ सुमारे ७ मिलिसेकंद खाते.

रीडऐवजी एमएमॅपने (कर्नलची मेमरी प्रोग्रॅमला थेट दाखवून) शेअर केलेला रिंग बफर वापरताय, लॅपटॉपवर चालतो आणि बोर्डावर कधीतरी अर्धवट सॅम्पल येतं: मेमरी ऑर्डरिंग. इंटेलवर लेखनांचा क्रम टिकतो, एआरएम तशी हमी देत नाही. ड्रायव्हरने हेड स्टोअर-रिलीजने पुढे सरकवायचा, प्रोग्रॅमने तो अ‍ॅक्वायरने वाचायचा. व्होलाटाइल लिहून हे होत नाही.

आणि दोन्हीकडे घड्याळ एकच: ड्रायव्हरमध्ये केटाइम-गेट, प्रोग्रॅममध्ये क्लॉक-मोनोटॉनिक. रिअलटाइम घड्याळ नेटवर्क वेळ जुळली की उडी मारतं, आणि उशीर उणे दिसायला लागतो.

बरं झालं हे ठरवायचं कसं

सायक्लिकटेस्टचा आकडा चांगला आला म्हणून थांबू नका. तो टायमरपासून थ्रेडपर्यंतचा उशीर मोजतो. तुमचा एसपीआय, तुमचा बफर, तुमचा ईपोल त्यात कुठेच नाही. सॅम्पलमधला टाइमस्टॅम्प आणि प्रोग्रॅमने वाचल्याची वेळ यांतला फरक १० मायक्रोसेकंदांच्या कप्प्यांत मोजत जा. सरासरी बघायची नाही, फक्त सर्वांत मोठा आकडा. १ मिलिसेकंदाच्या चक्राला तो ५०० मायक्रोसेकंदांच्या आत हवा आणि अनुक्रमांकात एकही खंड नको.

चाचणी किमान २४ तास चालवा, सोबत स्ट्रेस-एनजीने शून्य आणि एक या कोअरना कामाला लावा आणि नेटवर्कवर मोठी फाइल कॉपी करत राहा. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी भट्टी आणि कॉम्प्रेसर बंद असताना मिळालेले आकडे धरू नका. मधे एकदा बोर्डाची पॉवर काढून घाला आणि पीएसमध्ये ८६, ८५, ७० आपोआप परत आले का ते बघा. क्रॉनमध्ये (वेळापत्रकावर कमांड चालवणारी सेवा) कोणी रात्रीच्या रिस्टार्टची ओळ टाकून ठेवली असेल तर ती चाचणीआधी काढा; ती असेपर्यंत थकबाकी रोज शून्यावर येते आणि दोष गेला की झाकला, हे कळत नाही.